आधी मोटर

भिलवडीचे सुकुमार मगदूम माधवनगर रोडला दुकानात आले,
हातात लग्नपत्रिकेचं पाकीट, पाठीमागं यादी.
अंडी उबवायचं मशीन, पाचशे अंडी, आज नववा दिवस.
"तीनचा जनरेटर द्या. बास हुतोय."
मी म्हटलं, बसा. आधी बेरीज.

मी वायरमनची पोर. वडील सांगायचे,
गिऱ्हाईक जो आकडा घेऊन येतं
तो शेजाऱ्याच्या जनरेटरचा असतो.
आपण त्याच्या घराचा काढायचा.

हीटर सहाशे. आतला पंखा शंभर.
ट्रे कलता करणारी मोटर चाळीस. चाळीसच,
पण ती थांबली तर जीव कवचाला चिकटतो,
हे त्यांनीच सांगितलं, तळहात हळूहळू तिरपा करत.
चार ट्यूब, ऐंशी. दोन पंखे, दीडशे.
टीव्ही ऐंशी.
"टीव्ही खोडा," म्हणाले. मग, "ऱ्हाऊ दे.
पाणी चढाय लागलं की आयर्विनला किती फूट,
त्ये आईला बघायचं असतंय."
फ्रिज दोनशे.
पाण्याची मोटर अर्धा एचपी, धरा पावणेचारशे.

सोळाशे पंचवीस.

मी पेनला टोपण लावलं. ते उठले नाहीत.
"आनी एक फ्रिज धरा."
घरात दोन आहेत?
"एकच हाय. दुसरा भिंतीपलीकडचा."
आणि मांडणीवरच्या फ्यूजच्या डब्या
एकेक करून वाचू लागले.

"मागच्या पुरात अकरा दिवस लाईट न्हवती.
भूपालचं इन्शुलिन नासलं.
मला चौथ्या दिवशी कळलं,
त्येबी होडीवाल्याकडनं."

भिंत वाटणीची, एका विटेची.
किती वर्षं बोलणं नाही, ते मी विचारलं नाही.
टोपण काढलं. दोनशे.

अठराशे पंचवीस.

आता ऐका, म्हटलं, हे झालं चालू असतानाचं.
मोटर उठताना तिप्पट मागते.
बसलेली म्हैस उठताना जमीन कशी ढकलते, तसं.
एकदा उभी राहिली की गुमान चालते.
तुमची मोटर आणि दोन्ही फ्रिज एकदम उठले
तर तेहतीसशे पंचाहत्तर.
तीनच्या जनरेटरातून हाताला लागतात चोवीसशे.
पाचचा घ्या.

किंमत सांगितली.
त्यांनी ती पिल्लांत मोजली असावी, ओठ हलत होते.

नाहीतर तीनचा घ्या, म्हटलं,
पण उठवायचं एकेकाला.
आधी मोटर. नेहमी आधी मोटर.
मग मशीन, दिवे, मग तुमचा फ्रिज.
दहापर्यंत मोजायचं. मग पलीकडचा.
तोवर त्यांचा प्लग काढलेला पाहिजे,
आणि वेळ झाली की कुणीतरी सांगायला पाहिजे, आता लावा.

भिंतीच्या अलीकडे स्विच बसवता येतो.
ऐंशी रुपयांचा, त्यांच्या कोपराजवळच्या खोक्यात होता.
मी सांगितलं नाही.

बराच वेळ ते पाकीट घडी घालत राहिले.
"धा म्हंजे, सावकाश मोजायचं का भराभरा?"

बुधवारी बसवला,
पुराच्या खुणेच्या दोन हात वर ओटा बांधून.
भिंतीला अर्ध्या इंचाचं भोक पाडलं,
वायर आत ढकलली,
पलीकडून कुणीतरी ती ओढून घेतली.
आई खिडकीत, टीव्ही बंद.

मोटर उठली, ट्यूब एकदा मिटून उघडल्या.
मशीन. दिवे. फ्रिज.
सुकुमार मोठ्यानं मोजत होते.
आठ. नऊ. दहा.
अकरा.
मी मीटरकडे पाहत राहिले.
तेरा.
"भूप्या, लाव रं!"
एका विटेच्या भिंतीला एवढा आवाज लागत नव्हता.

काटा चढला, बावीसशेपर्यंत गेला,
तिथं थरथरला,
आणि अठराशेच्या जरा पुढे येऊन बसला.