अर्ध्या वाटेचं भाडं

माझी मोटारसायकल आता भाऊ चालवतो.
जिंजाच्या मासळीबाजाराबाहेर, त्याच अड्ड्यावर, त्याच जॅकेटात.
हप्ता दर शुक्रवारी असतो, आणि शुक्रवार
कुणाचं हाड जुळायची वाट बघत नाही.

आम्ही जुळे. तो वाइस्वा, मी तेन्यवा.
आमच्या बुसोगात जुळ्यांची नावं आधीच ठरलेली असतात,
आईबापाच्या डोक्याला ताप नाही.
तो चौदा मिनिटांनी मोठा.
उसाच्या ट्रकवरून ती मोळी पडेपर्यंत
आमच्यात फरक म्हणावा तर एवढाच होता.

मोळी पडली, हे मला आठवतं.
पुढचं लोकांनी सांगितलं,
प्रत्येकाने थोडं वेगळं.
एकजण म्हणतो, तू ब्रेक दाबलास. दुसरा म्हणतो, कुठे दाबलास?
रात्री मी दोन्ही करून बघतो.
अंथरुणात उजवा पाय आपोआप खाली जातो
आणि नडगीबाहेरच्या चार सळया चादरीत अडकतात.

सळया मिठाच्या पाण्याने पुसायच्या असतात.
आमच्या पाठची कीझा पुसते, शाळेत जायच्या आधी,
नाक मुरडत, इतिहासाचा धडा पाठ करत.
शेजारणी उंबऱ्याशी येऊन जातात:
जिवावरचं होतं, पायावर निभावलं.
मी मान डोलावतो.
कुणाच्या जिवावरचं, ते त्या विचारत नाहीत.

मागे नांगोबीबाई बसल्या होत्या.
मांडीवर तीस अंड्यांचा ट्रे.
अड्ड्यावरचे अजून सांगतात, चार अंडी शाबूत राहिली,
उसाच्या पाल्यात, कोंबडीनेच घातल्यासारखी.
सगळे हसतात. मीही हसलो, एकदा.
त्यांना बघायला मी गेलो नाही.
आधी चालता येत नव्हतं.
मग कुबड्या आल्या, आणि मी म्हणालो, चढ आहे.

वाइस्वाला रस्त्यात लोक थांबवतात:
अरे, बरा झालास की!
सुरुवातीला तो समजावून सांगायचा.
आता नुसता हात हलवतो.
खिडकीतून मी बघतो, मीच निघालोय
दोन पायांवर, शीळ घालत,
किल्ली बोटाभोवती फिरवत.

काल तो उशिरा आला. जेवला नाही.
मग म्हणाला, ती बाई आली होती.
अड्ड्यावर, सगळ्यांसमोर.
माझ्यापुढे उभी राहिली, आणि एक ठेवून दिली.
मग पदराच्या गाठीतून हजाराची नोट काढली.
म्हणाली, ठरले होते दोन हजार,
पण तू मला अर्ध्या वाटेपर्यंतच नेलंस.
कुणाचं ठेवून घ्यायची मला सवय नाही.

आणि तू?
मी काय, गप्प बसलो.
सांगितलं नाहीस, की तू मी नाहीस?
तिने एवढा चढ उतरून आणलं होतं, तो म्हणाला.
परत कसं पाठवू?

नोट त्याने चटईवर ठेवली.
घडी घातलेली, घामाने मऊ पडलेली.
चापट तुझी होती, म्हणाला, ती काही काढून देता येत नाही.

मी विचारलं, कोणत्या गालावर?
त्याने उजव्या गालाला हात लावला.
मी मनात माप घेतलं.
समोरून मारणाऱ्याचा उजवा हात
डाव्या गालावर पडतो.

हो, वाइस्वा म्हणाला.
तिचा उजवा हात अजून गळ्यात आहे.

कीझा पुस्तकातून मान वर काढून आमच्याकडे बघत होती,
एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.
बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं,
तीन लाथा, चौथीला पेटली,
आणि माझा पाय दाबला गेला. या वेळी जागेपणी.
मागे बसणाऱ्याच्या पायाशी काहीच नसतं.
दाबायला नुसती हवा.

रविवारी मला मागे बसव, मी म्हणालो.
वाटेत अंडी घेऊ.
वाइस्वाने सळयांकडे बघितलं.
तीसच्या तीस? त्याने विचारलं.
सव्वीस, मी म्हणालो.