सुईत दोरा ओवण्याआधी

ये, उन्नुर, दार लोटून घे. वारा खाडीवरून सरळ आत येतो
आणि दिव्यातलं सीलचं तेल संपत आलंय.
ही ती सुई. देवमाशाच्या हाडाची.
हात लावू नकोस अजून.

माझ्या सासूनं, हाल्बेरानं, मला ती दिली
तेव्हा आधी माझा तळहात उलटा करून पाहिला.
म्हणाली, म्हण:
टाका मागेल त्याला नाही म्हणणार नाही,
घातलेला टाका उसवणार नाही.
मी म्हटलं. एकोणीस वर्षांची होते.
घरात सुक्या माशाचे तीन तुकडे
आणि केटिलचं शीड मधोमध फाटलेलं.

त्या शिडाला अठ्ठावीस टाके घातले मी.
शरदातल्या वादळात सहा होड्या गेल्या,
परत आली ती एक.
दुसऱ्या दिवशी बायका दारात उभ्या राहिल्या.
रडलं कुणीच नाही.
त्यांनी फक्त माझ्या बोटांकडे पाहिलं.

तेव्हापासून मी चांगलीच कामं केली, हे लक्षात ठेव.
बूट शिवले, घोड्यांची खोगिरं शिवली,
इल्लुगीच्या पोराची मांडी शिवली, विळ्यानं उघडलेली.
टाके सुरेख बसले.
आत गवताची एक काडी राहिली होती.
चौथ्या दिवशी मांडी काळी पडली.
इल्लुगी सुरी घेऊन आला. म्हणाला, काप.
मी सुरी हातात घेतली, आणि खाली ठेवली.
काप म्हणतो ना!
मी म्हटलं, शपथ आहे.

खरं सांगू? सुरी त्या दोऱ्यावर चाललीच नसती.
पण मी चालवून पाहिली नाही.
हे आज पहिल्यांदा बोलतेय.

शपथ फार सोयीची असते, पोरी.
तिच्या मागे उभं राहिलं
की आपण दिसत नाही.

पुढे दोन घराण्यांचं वैर मिटवायला सरदारानं बोलावलं.
हातात हात, बाहीला बाही, तीन टाके.
तह झाला, मेंढी कापली, गाणी झाली.
रात्री एकानं दुसऱ्याचा गळा दाबला
आणि सकाळी त्याला
मढं ओढत ओढत गोठा साफ करावा लागला.
हसू नकोस.
आम्हीही हसलो होतो.

आणि केटिल.
त्या वसंतात तो ग्रीनलंडला निघाला होता.
त्यानं टाका मागितला नव्हता.
त्याचा एक केस
मी माझ्या झग्याच्या काठात शिवला, रात्री, अंधारात,
बोटांना वाट पाठ होती.
जहाज गेलं. तो राहिला.
बत्तीस वर्षं त्या बाकावर, समुद्राकडे पाठ करून,
अंगात कोट, पायात बूट.
विचारलं तर म्हणायचा, निघतोच आहे.
त्याला पुरलं तेव्हा खड्ड्याच्या काठाशी
माझा झगा ओढला गेला.
अजून ओढला जातो. चालताना बघ कधी.

लहानपणी आपण खेळात म्हणायचो, शपथ सुटली,
आणि सुटायची.
हिला सुटली म्हणायला, जिनं घातली तीच हवी.
हाल्बेराच्या कफनाला टाके मीच घातलेत,
पायांपासून
तोंडापर्यंत.

एकदा कड्यावर गेले होते, सुई फेकायला.
खाली लाटा, वर ते पांढरे पक्षी ओरडत होते,
आणि मूठ उघडेना.
सुईनं मला धरलं नव्हतं, उन्नुर.
मीच धरली होती.

तू हुशार आहेस. नाही म्हणशील,
मला ठाऊक आहे. म्हणायलाच हवं.
बरं, असू दे.
तुझा सदरा खांद्याला उसवलाय बघ,
परतताना टेकडीवर गारठशील.
माझे डोळे गेलेत आता.
शपथबिपथ काही नको,
एवढा फक्त
दोरा ओवून दे.