पश्चिमेचं तिकीट

एकवीस वर्षांत
या घरातून निघालेलं प्रत्येक विमान पूर्वेलाच गेलं.
तीस किलो, वर हातातली सात,
खजुराचे डबे, ब्लँकेट, कुणाच्या तरी जावयासाठी सेंट,
आणि बॅगेवर अच्युतने मार्करने लिहिलेलं
मु. पो. रेवदंडा, जि. रायगड,
जणू हरवलीच तर ती चालत घरी जाणार.

यंदा लिस्बन.

म्हणजे अजून कागदावरच. कागद म्हणजे
कंपनीच्या डिलिव्हरी नोटची पाठकोरी बाजू,
त्यावर अच्युतने काढलेले तीन रस्ते:
दोह्यावरून, साडेसहा तास थांबून;
इस्तंबूलवरून, पण पहाटे तीनला निघून;
आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त, ज्यात एक अख्खी रात्र
कुठल्याशा विमानतळावर खुर्चीत काढायची.
"तुझी कंबर," तो म्हणतो, आणि तिसऱ्यावर काट मारतो.
मग त्याच्याच किमतीकडे बघत बसतो.

रुवीच्या हायस्ट्रीटवर कुंजुमोन तिकिटं काढतो.
"मॅडम, सगळे पॅरिस जाते. लिस्बन कशाला?"

भाऊही तेच विचारतो फोनवर. तिथे आहे काय?
किल्ला आहे, नदी आहे,
पाण्यात पाय सोडून बसलेला एक बुरुज आहे.
"बुरुज इथे काय कमी पडलेत?" हरेश म्हणतो,
आणि जरा थांबून,
"म्हणजे यंदा येत नाही तुम्ही."

कसं सांगू.
आमच्या वाडीमागे त्यांची भिंत होती.
कमानीवर कोरलेली अक्षरं, कुणालाच न लागणारी;
आम्ही खाली बसून बोरं खायचो
आणि मनाला येईल ते वाचायचो.
मग लग्न होऊन इथे आले. पहिल्याच शुक्रवारी
अच्युतने मत्रहच्या पुढे, जुन्या मस्कतला नेलं,
आणि खडकावर
तीच भिंत उभी!
तोच दगडाचा हट्ट, तीच तोफांची भोकं.
मी इतकी हसले की तो घाबरला.
परक्या गावात ओळखीचं कुणी भेटावं
तर ते हे.

तेव्हापासून डोक्यात आहे,
यांचं घर एकदा बघून यावं.
दोनशे वर्षं आपल्याकडे राहून गेले,
जाताना चावी विसरले, बादली विसरले,
पाव, घमेलं, इस्त्री.
पगारसुद्धा त्यांचाच शब्द म्हणे,
ज्याच्यामागे आपण इथवर आलो.

व्हिसाच्या अर्जाला यातलं काहीच नको.
त्याला सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट,
दोन्ही कान दिसतील असे फोटो,
रजेचं पत्र, शिक्क्यासकट,
आणि परत जाल याचा पुरावा.
परत कुठे, ते विचारलेलं नाही.
रेसिडेंट कार्ड मार्चपर्यंतचं.
कंपनीचं तिकीट वर्षातून एकदा, मुंबईपर्यंतच.
सातबारा आहे, त्यावर माझं नाव नाही.
"कार्ड जोड," अच्युत म्हणतो. "फार विचार करू नकोस."

एवढं बोलेपर्यंत दोह्याचं तिकीट
अकरा रियालने वर गेलं.
तो काही बोलत नाही. उठून
उद्याच्या फोटोसाठी शर्टला इस्त्री करू लागतो,
कॉलरीवर पाणी शिंपडून, दोनदा.

मी हरेशला फोन लावते. उचलत नाही.
दीड तास पुढे आहेत ते, झोपले असतील.
मेसेज टाकते:
कमानीवरच्या अक्षरांचा फोटो पाठव.
तिथे कुणाला तरी वाचायला सांगेन.
आणि जवळून काढ.
मागच्या वेळी नुसता तूच दिसत होतास.