दमाने घे

खालच्या दाढा गेल्या तेव्हा स्तेर्गिओस काही बोलला नाही.
वरचे पुढचे दोन मार्चमध्ये पडले,
तेव्हा त्याने क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली,
पत्तीवर टोपी चढवली
आणि तळ्याकडे तोंड करून बसला.
यानिनाचं तळं मार्चभर धुक्यात असतं.
तिकडे तोंड केलं काय, नाही केलं काय.

नात आली थेसालोनिकीहून, एव्थिमिया.
खोक्यातून काढली एक काळी कांडी.
ना लाकूड, ना पत्ती, ना भोकं.
"आजोबा, हिला दात लागत नाहीत.
नुसती फुंकर पुरते."
"फुंकर तर मी सूपावरही घालतो," तो म्हणाला.
पण हात पुढे झालाच होता.

पहिला आठवडा कांडी नुसती किंचाळली.
पन्नास वर्षं त्याची बोटं
कळांवर विसावत आलेली,
उन्हात पसरलेल्या मांजरांसारखी.
इथे विसावलेलं बोटही बोलतं,
चुकून टेकलेलंही.
अंगठ्याखाली गुळगुळीत चाकं,
त्यांवरून जरा घसरला की
मेंढ्यांच्या मागून चाललेलं गाणं
एकदम घारीच्या उंचीवर.
दात-ओठ खावेत इतका राग आला त्याला,
पण खायला ओठच उरलेले.
मी हसले. मग तोही हसला, हिरड्यांनी.

"इथे पायऱ्या आहेत गं," तो नातीला म्हणाला.
"आमच्या डोंगराला पायऱ्या नाहीत.
एका सुरावरून दुसऱ्यावर
आम्ही मातीवरून उतरतो."
ती म्हणाली, तेही होतं, मेनूत शोधावं लागतं.
"मेनू खानावळीत असतो," म्हणाला,
आणि चष्मा मागितला.

वरच्या मजल्यावरची पोलिक्सेनी
झाडूच्या दांड्याने छत वाजवायची, म्हणजे तिची फरशी.
तेव्हापासून हेडफोन.

आता रात्री जेवणं झाली की
तो खिडकीपाशी बसतो, कानांवर दोन काळ्या वाट्या,
आणि मला ऐकू येत नाही काहीच.
म्हणजे सूर.
ऐकू येतो त्याचा दम.
आत घेतलेला, धरलेला, सोडलेला,
मध्येच तुटलेला,
आणि प्लॅस्टिकवर बोटांची बारीक टकटक,
कुणी अंधारात वाटाणे सोलतंय तशी.

लग्नाच्या आधीपासून ऐकतेय याला.
पोगोनीच्या ऑगस्टमधल्या जत्रांत
लोक याच्या कपाळावर नोटा चिकटवायचे,
घामाने चिकटायच्याही.
पहाटे पहाटे वाजवायचा तेव्हा मी लांबून म्हणायची,
दमाने घे रे, माणसं नाचून नाचून मरतील.
इतक्या वर्षांत याचा नुसता श्वास
मी कधी ऐकला नव्हता.
गाण्याच्या खाली होता तो,
पाण्याखाली तळ असतो तसा.

परवा मसूर निवडत होते.
त्याने श्वास घेतला, लांब,
धरला,
मग सोडलाच नाही कितीतरी वेळ,
आणि माझा हात थाळीत थांबला.
ओळखलं मी.
माझ्या भावाच्या मागे वाजवलेलं रडगाणं.
तिसऱ्या ओळीत तो असाच थांबतो,
जणू दारात कुणीतरी उभं आहे
आणि आधी त्याला आत येऊ द्यायचंय.

मी काही बोलले नाही. त्याला वाटतं
मला काही ऐकू येत नाही.

कांडीच्या खालच्या टोकातून थेंब पडतात,
त्याच्याच श्वासाचे, फरशीवर.
पहिल्यांदा तो घाबरला, बिघडली वाटतं.
मी खाली बशी ठेवली.

कवळी पुढच्या महिन्यात मिळणार आहे.
डॉक्टर म्हणतो, क्लॅरिनेटचं काही सांगता येत नाही,
कदाचित होईल, कदाचित हलेल.
तो दुपारी झोपला की मी पेटी उघडते,
सांध्यांच्या बुचांना थोडी चरबी लावते,
पुन्हा बंद करते.

बॅटरी संपत आली की
कांडीवरचा लाल दिवा लुकलुकतो.
त्याला दिसत नाही.
मी उठते, वायर लावते,
त्याच्या गुडघ्याला हात लावून सांगते,
चालू दे.