झारेकरी

व्हाइस स्ट्रीट, तिसरा मजला,
उत्तरेच्या खिडकीशी माझं मेज.
मधे अर्धगोल कापलेलं, पोटाला भिडणारं,
खाली मांडीवर ताणलेलं चामडं,
पडेल ते झेलायला.

लोक विचारतात, सुचतं कुठून?
मी म्हणते, निसर्गातून. पानं, लाटा वगैरे.
त्यांना बरं वाटतं.
खरं तर गेल्या वर्षीची सगळी कर्णफुलं
आठ नंबरच्या बसच्या तडकलेल्या काचेतून आली,
आणि ती साखळी,
हॅरोगेटच्या बाईंनी बहिणीसाठीही घेतली ती,
बेरिलनं सोललेल्या संत्र्याच्या सालीतून:
एका दमात, न तुटता,
पॉलिशनं काळ्या पडलेल्या अंगठ्यानं.

बेरिल शेजारच्या खोलीत चकाकी देते. एकावन्न वर्षं.
नावच खड्याचं,
अंगावर मात्र एक डाग नाही,
एप्रनवरचे सोडले तर.

मी सोनाराघरची नव्हे.
मिरजेत बाबा चष्म्याच्या काचा घासायचे,
घासणं तेवढं आलं हातात.
कान सोनारानंच टोचावे म्हणतात.
माझे टोचले कंपाउंडरनं, घाईत;
डावं भोक जरा वर गेलं.
म्हणून माझ्या जोड्या कधी जुळ्या नसतात.
यालाही गिऱ्हाइकं शैली म्हणतात.

जानेवारीत चार वाजताच दिवा लागतो.
टाकणखार फुलतो, पांढरा, मग काचेसारखा बसतो,
आणि डाख वाहायच्या आधी एक क्षण येतो,
चांदी लाजल्यासारखी दिसते.
त्या क्षणी फोन वाजला तर सहा दिवसांचं काम वितळतं.
वाजला. वितळलं.
मेजावर फक्त एक गोळी, गुळगुळीत, निर्लज्ज.
तिच्याकडे बघत मी बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला.

मार्चमध्ये इमारत विकली गेली.
वर फ्लॅट होणार, खाली कॉफी.
बेरिल म्हणाली,
“आधी फळ्या, बॅब. फळ्या उचलून जाळायच्या.
त्याशिवाय कुणी जात नाही इथून.”

मला वाटलं, थट्टा.
मग माणसं आली, पहारी घेऊन.
शंभर वर्षांचा कीस त्या फटींत बसलेला,
कानशीखालून निसटलेला,
बुटांनी दाबलेला,
कुणाच्या साखरपुड्याचा, कुणाच्या मोडीचा,
शिंकेनं उडालेला.
हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवलेलं होतं.

तेव्हा मी तिला झारेकऱ्यांचं सांगितलं:
पेठेत सोनारांच्या दारासमोरची
धूळ झाडून नेणारी, पाण्यात गाळणारी माणसं.
“जॅरी-कॅरी,” ती म्हणाली. तीनदा.
“म्हणजे आपण.”

भट्टीतून आलं ते सगळ्यांत वाटलं.
माझ्या वाट्याला हरभऱ्याएवढं.
बेरिलला काहीच नाही; ती पगारी होती.

माझं सोनं मी तसंच ठेवलं, काडेपेटीत, मे महिनाभर.
काही सुचेना. बस नवी, काच धड.
नव्या जागेत फरशी सिमेंटची,
पडलेलं तिथं दिसतं, लगेच सापडतं,
आणि याचंच मला वाईट वाटायचं.

मग दोन कुड्या केल्या. साध्या. एक थेंबभर मोठी.
एवढ्याशा वजनाला शिक्क्याची सक्ती नाही.
तरी पाठवल्या.
या शहराचा शिक्का नांगर, समुद्र कुठल्या कुठे.
आमच्या भाषेत नांगर दोन,
एक रुततो थांबायला,
एक रुततो पेरायला.
यांतला कुठला, तिथल्या कारकुनाला कसं विचारणार?

बेरिल रविवारी आली, डबीभर केक घेऊन.
कुड्या पाहिल्या. नखानं उलटवल्या. कड चुकलीय म्हणाली.
चुकली होती.
“आणि मी घालू कशा? कान कधी टोचलेच नाहीत.
यंत्रात केस अडकतात, तिथं कानात काय घालणार?”

दुकानात टोचून घे म्हटलं. नको म्हणाली.
खुर्ची खिडकीकडे ओढून बसली,
पांढरे केस मागे धरून.

सुई उकळली. बर्फ लावला.
एकाहत्तर वर्षांची पाळी, मऊ, गार.
माझा हात इतका कधी कापला नव्हता.

डावं भोक जरा वर गेलं.