शुक्रवारचा फ्लॉवर

एलिव्हेटरवरून सुटलो की आधी गॅरेज.
बूट तिथेच. जॅकेट, पँट, टोपी, सगळं खुंटीला.
बाहेर उणे बावीस; गॅरेजचा हीटर खोकतो, मीही.
कानामागचा, भुवयांतला गव्हाचा कोंडा
ओल्या फडक्यानं खरवडतो
आणि बनियनवर पळत स्वयंपाकघर गाठतो.

एकतीस वर्षं गहू जोखला मी या गावात.
दाणा दाताखाली फोडून सांगायचो
ओल किती, कुणाच्या शेतातला.
लेसियाचं पोट आठ वर्षं काही सांगत होतं,
ते मात्र सास्काटूनच्या डॉक्टरीणबाईंनी वाचलं.
कागदावर एकच ओळ:
ग्लुटेन चालणार नाही, कणभरही.
त्या ओळीत माझा अख्खा पगार मावला.

त्या रात्री तिनं आईचं लाटणं पुसलं.
पुन्हा पुसलं.
'लाकूड पीठ विसरत नाही,' म्हणाली
आणि बहिणीकडे धाडून दिलं.
टोस्टर मी टाकला.

तर, फ्लॉवर.
मध्यम गड्डा, दांड्यासकट किसायचा.
हिमासारखा दिसतो म्हणतात; नाही दिसत,
हिम मला ठाऊक आहे.
ओल्या भुशासारखा दिसतो.
वाफवायचा, निववायचा,
मग उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून पिळायचा.

इथेच घोडं अडतं. माझंही अडलं.
पहिला पिझ्झा आम्ही चमच्यानं खाल्ला,
दुसरा कागदासकट.
लेसिया हसली नाही.
एवढंच म्हणाली, 'ओरेस्त, सूप छान झालंय, मिरी दे.'

पाणी संपलं असं वाटतं
तेव्हा निम्मं आतच असतं.
पीळ द्यायचा, थांबायचा, पुन्हा पीळ.
मनगटं भरून येतात, पोत्यांनी कधी आली नाहीत इतकी.
खाली वाडग्यात गढूळ पाणी चढत जातं,
आणि वाटतं, आठ वर्षांत ती न बोललेलं
हेही असंच
पण तेवढ्यात अंडं फोडायचं असतं.

एक अंडं, मूठभर चीज, मीठ,
शेपूच्या चार काड्या, तिच्या हट्टाखातर.
लाटायचं नाही. थापायचं,
कडेला जरा जाड ठेवून.
आधी नुसताच भाजायचा, तांबूस होईतो,
मग उलटायचा,
त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही.

आज उलटला आणि अखंड राहिला.
टोमॅटो, मश्रूम, वर पुन्हा चीज.
लेसियानं तुकडा हातात धरला,
टोक खाली लवलं नाही.
ती बघत राहिली त्या टोकाकडे,
मी तिच्याकडे.

मग माझ्या गालाकडे तिचा हात आला
आणि वाटेतच थांबला.
'भुवई,' म्हणाली.

मी उठलो, गॅरेजमध्ये गेलो, हीटर लावला.
परत आलो तोवर
माझा तुकडा तिच्या ताटात होता,
अर्धा.