सत्तावीस सेंटिमीटर

ऱ्हाईनच्या या काठावर उंची मोजतात उत्तर समुद्रापासून,
त्या काठावर भूमध्यापासून.
दोन शून्यांत फरक सत्तावीस सेंटिमीटर.
नदीला त्याचं काही नाही,
ती आपली उताराने जाते.

पूल बांधायला घेतला तेव्हा
इकडून हेडविग ब्रोम्बाखर, तिकडून उर्स त्सुमश्टेग,
मापनपट्ट्या धरून उभे.
एकच शून्य ठरवून टाका, असं वरून कुणीतरी म्हणालं.
हेडविग म्हणाली, ज्याचं शून्य त्याच्यापाशी राहू द्या.
मधल्या प्रत्येक पावलाला
किती मिळवायचं, किती वजा, तेवढं लिहा.
आणि चिन्ह चुकवू नका.

तिचा भाचा बाझलला भौतिकशास्त्र शिकतो.
रविवारी बटाटे सोलता सोलता म्हणाला,
मावशी, आमचंही हेच.
सगळ्या विश्वाने एकाच क्षणी शून्य बदलावं म्हटलं
तर हुकूम पोचवायचा कुणी?
उजेडाच्या पुढे धावेल असा जासूदच नाही.
म्हणून जागोजाग ज्याची त्याला मुभा,
आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत हिशेब जुळवत जाणारं काहीतरी.
ते काहीतरी म्हणजे हा,
म्हणत त्याने बटाट्याची साल खिडकीशी धरली
आणि ती आरपार पिवळी झाली.

गंमत म्हणजे, तो म्हणाला,
आमच्या एका मांडणीत इथला विद्युतभार हलला
की वहीतला आकडा त्याच क्षणी बदलतो,
पार शेवटच्या ताऱ्यापर्यंत.
मग?
मग काही नाही. आकडाच तो.
तिथल्या इलेक्ट्रॉनला धक्का बसतो
उजेड पोचल्यावर. आधी नाही.

हेडविगने सुरी खाली ठेवली.

आल्ब्रेख्ट गेला हांबुर्गच्या इस्पितळात,
चार वाजून दहा मिनिटांनी.
दाखल्यावर तीच वेळ.
म्हणजे चार-दहापासून ती विधवा,
यच्चयावत सरकारी कागदांत,
आणि इथे पुलावर चार-चाळीसपर्यंत
आलुबुखाराचा केक खात
उर्सला त्याच्या टोपीवरून चिडवत होती.
त्या अर्ध्या तासाची
नऊ वर्षं तिला लाज वाटत आली.

फोन चार-एक्केचाळीसला वाजला, ती म्हणाली.
त्या मिनिटाचं वाचन खोडलंय माझ्या वहीत.
आधीची सगळी बरोबर आहेत.

भाच्याला काही कळलं नाही.
त्याने मीठ किती घालू म्हणून विचारलं.